डॉ. खान साहिब: सरहद्द प्रांताचे मुख्यप्रधान (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सरहद्द गांधींविषयी, म्हणजे खान अब्दुल गफार खानांविषयी, मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचे थोरले भाऊ मात्र बहुतेक लेखांत एका वाक्यापुरते येतात आणि जातात. तीन वेळा सरहद्द प्रांताचे (आजच्या खैबर पख्तुनख्वाचे) मंत्रिमंडळ चालवलेल्या, बहुमत असताना बरखास्त झालेल्या आणि पुढे पश्चिम पाकिस्तानचा पहिला मुख्यमंत्री झालेल्या माणसाच्या वाट्याला एवढे कमीच आहे. वाचक नेहमी विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे खाली दिली आहेत.

डॉ. खान साहिब म्हणजे नेमके कोण?

खान अब्दुल जब्बार खान. जन्म १८८० च्या दशकाच्या सुरुवातीचा, गाव उत्मानझई. पेशावरच्या ईशान्येला चारसद्दा आहे, त्याच्या शेजारचे हे गाव. वडील बहराम खान मोहम्मदझई पठाणांतले जमीनदार होते. खान अब्दुल गफार खान, म्हणजे बादशहा खान, हे त्यांचे धाकटे भाऊ. दोघांच्या वयात सात-आठ वर्षांचे अंतर होते.

‘खान साहिब’ ही इंग्रजांनी दिलेली पदवी होती का?

नाही. ‘खान साहिब’ आणि ‘खान बहादुर’ या पदव्या सरकार आपल्या मर्जीतल्या लोकांना देत असे, त्यामुळे हा गोंधळ होतो. यांच्या बाबतीत ते लोकांच्या तोंडी बसलेले नाव होते. गांधीजी, नेहरू आणि गव्हर्नरही त्यांना ‘डॉ. खान साहिब’ असेच म्हणत.

ते मुंबईत शिकले होते, हे खरे आहे का?

खरे आहे. पेशावरच्या एडवर्ड्स मिशन हायस्कूलमधून मॅट्रिक झाल्यावर ते वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आले. पुढचे शिक्षण लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये झाले. लंडनमध्येच त्यांची आणि तरुण जवाहरलाल नेहरूंची मैत्री जमली, ती फाळणीपर्यंत टिकली. मेरी या इंग्रज बाईंशी त्यांनी लग्न केले तेही तिथेच.

मुलाला पाद्र्यांच्या शाळेत घालणे आणि मग समुद्रापार पाठवणे त्या काळच्या पठाणी गावात सोपे नव्हते. मुल्ला लोकांचा विरोध होता. थोरला आधीच विलायतेला गेला होता, म्हणून आईने धाकट्यालाही तिकडे जाऊ दिले नाही, असे बादशहा खानांच्या चरित्रांत सांगितले जाते. एक भाऊ सुटाबुटातला डॉक्टर आणि दुसरा खादीतला फकीर, या फरकाचे मूळ बरेचसे इथे आहे.

ते लष्करात होते ना? मग काँग्रेसमध्ये कसे आले?

पहिल्या महायुद्धात इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर म्हणून ते फ्रान्सच्या आघाडीवर होते. परतल्यावर मर्दानला गाइड्स पलटणीत नेमणूक झाली. मग वझिरिस्तानातल्या पठाण टोळ्यांवर मोहीम निघाली आणि तिकडे जायचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी नकार दिला. १९२१ मध्ये कमिशन सोडून त्यांनी पेशावरात दवाखाना थाटला. आपल्याच माणसांवर चालून जायचे नाही, एवढेच त्यामागचे कारण होते. घोषणाबिषणा काही नव्हत्या.

राजकारणात ते उशिरा आले, जवळजवळ पन्नाशीला टेकल्यावर. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. गढवाली पलटणीच्या शिपायांनी गोळ्या झाडायला नकार दिला तो याच दिवशी. त्यानंतर सगळा प्रांत पेटला. धाकट्या भावाने उभी केलेली खुदाई खिदमतगारांची संघटना, म्हणजे लाल डगलेवाले, गावोगाव पसरली आणि डॉक्टरही त्या लाटेत ओढले गेले. डिसेंबर १९३१ मध्ये दोघा भावांना पकडून पार बिहारातल्या हजारीबाग तुरुंगात नेऊन ठेवले.

वर्ध्याशी त्यांचा काय संबंध?

ऑगस्ट १९३४ मध्ये हजारीबागहून सुटका झाली, पण पंजाबात आणि सरहद्द प्रांतात पाऊल टाकायला बंदी होती. घरी जाता येईना, तेव्हा दोघे भाऊ गांधीजी आणि जमनालाल बजाज यांच्याकडे वर्ध्याला येऊन राहिले. महादेवभाई देसाईंनी त्या दोघांवर एक छोटे चरित्रपर पुस्तक लिहिले, तेही या सहवासातूनच. मुंबईत केलेल्या भाषणाबद्दल बादशहा खानांना त्याच वर्षी डिसेंबरात वर्ध्यातून पुन्हा अटक झाली.

याच काळात डॉ. खान साहिब मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून आले, तेही सरहद्द प्रांतातून. प्रांतात उमेदवाराला प्रवेशबंदी, प्रचाराला जाता येत नाही, आणि मतदार त्यालाच दिल्लीला पाठवतात! सरहद्दीच्या राजकारणाची चव यातून कळते.

१९३७ मध्ये ५० पैकी १९ जागा मिळाल्या असताना ते मुख्यप्रधान कसे झाले?

मुंबई इलाख्याचा १९३७ चा इतिहास माहीत असणाऱ्यांना हे लगेच समजेल. मुंबईत काँग्रेसने आधी मंत्रिपदे नाकारली म्हणून साताऱ्याचे सर धनजीशा कूपर यांचे हंगामी मंत्रिमंडळ आले आणि जुलैत बाळासाहेब खेरांनी सूत्रे घेतली. पेशावरात कूपरांच्या जागी होते सर साहिबजादा अब्दुल कय्यूम. फरक असा की मुंबईत काँग्रेस भक्कम होती. पेशावरात तो सगळ्यांत मोठा पक्ष होता, पण निम्म्यालाही पोचलेला नव्हता.

साहिबजादांचे सरकार १ एप्रिलला आले आणि ३ सप्टेंबरला अविश्वास ठरावाने पडले. हजारा जिल्ह्यातला एक गट आणि काही इतर सदस्य काँग्रेसच्या बाजूला आल्यामुळे गणित जुळले. चार दिवसांनी डॉ. खान साहिबांनी शपथ घेतली. मंत्रिमंडळ चौघांचे. त्यांच्यासोबत काझी अताउल्ला, मोहम्मद अब्बास खान आणि भंजू राम गांधी होते. शेवटचे नाव वाचून दचकायला नको, ते सरहद्दीवरचेच हिंदू पुढारी होते.

नव्वद टक्क्यांहून अधिक मुसलमान वस्तीच्या प्रांतात काँग्रेसचे सरकार आले, ही गोष्ट त्या वेळी देशभर गाजली. मुस्लिम लीगला ते सलत राहिले ते शेवटपर्यंत.

त्या सरकारने काम काय केले?

मोठ्या खानांचा दबदबा कमी करणे हा मुख्य भाग होता. मानद मॅजिस्ट्रेटांच्या जागा रद्द झाल्या. या जागा सरकारधार्जिण्या जमीनदारांना मिळत आणि गरिबांचे खटले त्यांच्याच पुढे चालत, हे लक्षात घेतले म्हणजे निर्णयाचे वजन कळते. कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. शेतमालाच्या बाजारातले व्यवहार नियमांत आणायचा प्रयत्न झाला. सावकार बहुतेक हिंदू-शीख असल्यामुळे या कायद्यांवर काँग्रेसचेच हिंदू पाठीराखे नाराज झाले, आणि खानांच्या सवलती काढल्यामुळे मुसलमान जमीनदार लीगकडे सरकले. एकाच वेळी दोन्हीकडून मार.

आणि एक डाग आहे, तो सांगितला पाहिजे. १९३८ मध्ये मर्दान भागातल्या गल्ला ढेर गावी कुळांनी तोरूच्या नवाबाविरुद्ध आंदोलन केले. शेतकऱ्यांचा कैवार घेणाऱ्या सरकारने त्या शेतकऱ्यांनाच तुरुंगात घातले. लाल डगलेवाल्यांपैकी बरेच जण कुळांच्या बाजूचे होते, म्हणजे सरकार आपल्याच कार्यकर्त्यांना पकडत होते. कायदा आणि सुव्यवस्था हा डॉक्टरांचा कमकुवत दुवा होता. खुर्चीवर बसले की त्यांच्यातला पलटणीचा माणूस जागा होई, असे माझे मत आहे.

युद्धाच्या काळात त्यांचे सरकार होते का?

नोव्हेंबर १९३९ मध्ये इतर काँग्रेसी प्रांतांबरोबर त्यांनीही राजीनामा दिला. काही वर्षे गव्हर्नरचा अंमल राहिला. मे १९४३ मध्ये काँग्रेसचे अनेक सदस्य तुरुंगात असल्याचा फायदा घेऊन लीगच्या सरदार औरंगजेब खानांनी सरकार बनवले. ते लोकांच्या मनातून फार लवकर उतरले. मार्च १९४५ मध्ये अविश्वास ठराव मंजूर झाला आणि १६ मार्चला डॉ. खान साहिब परत आले.

तारीख नीट पाहा. त्या दिवशी नेहरू, पटेल आणि आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. काँग्रेसची कार्यकारिणी आत आणि काँग्रेसचे सरकार पेशावरात! गांधीजी बाहेर होते आणि त्यांची संमती घेतली होती, तरी ‘छोडो भारत’ नंतर इतक्या लवकर पदे घ्यावीत का, यावरून तेव्हा बरीच कुरकुर झाली.

दोन अब्दुल कय्यूम होते का?

होय, आणि दोघे एकमेकांचे कोणी नव्हेत. सर साहिबजादा अब्दुल कय्यूम हे पेशावरच्या इस्लामिया कॉलेजच्या संस्थापकांपैकी एक. १९३७ मध्ये पडलेले सरकार त्यांचे, आणि त्याच वर्षी ते वारले. खान अब्दुल कय्यूम खान हे वकील. मध्यवर्ती कायदेमंडळात ते काँग्रेसचे उपनेते होते, १९४५ मध्ये लीगमध्ये गेले आणि पुढे डॉ. खान साहिबांची खुर्ची त्यांनाच मिळाली.

१९४६ ची निवडणूक जिंकूनही प्रांत पाकिस्तानात कसा गेला?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

१९४६ मध्ये काँग्रेसला ५० पैकी ३० आणि लीगला १७ जागा मिळाल्या. मुसलमानांसाठी राखीव ३८ जागांपैकी १९ काँग्रेसने जिंकल्या. ‘पाकिस्तान हवे की नको’ या मुद्द्यावर लीगने देशभर जी निवडणूक लढवली, तीत मुसलमान मतदारांनी लीगला झिडकारलेला हा ठळक प्रांत. पण हा निकाल लावायचा कसा, हे ठरवणारे लोक पेशावरात नव्हते. ब्रिटिश सरकारच्या तीन मंत्र्यांनी आखलेल्या त्रिमंत्री योजनेने प्रांताला पंजाब आणि सिंधबरोबर एका गटात बसवले. पेशावरातल्या बहुमताला तिथे किंमत उरत नव्हती.

मग बिहारात दंगली झाल्या, आणि हिंदू राज्यात मुसलमानांचे काय होते ते पाहा, असे सांगत लीगचे प्रचारक फिरू लागले. मानकी शरीफच्या पीरांनी धार्मिक वजन लीगच्या पारड्यात टाकले. ऑक्टोबर १९४६ मध्ये नेहरू टोळ्यांच्या मुलखात गेले, तेव्हा डॉ. खान साहिब त्यांच्या बरोबर होते. काळी निशाणे दिसली आणि मलाकंडला गाड्यांवर दगडफेक झाली. गव्हर्नर सर ओलाफ कॅरो यांनी हा दौरा काढू नका असे सांगितले होते. कॅरो लीगला झुकते माप देतात अशी काँग्रेसची पक्की समजूत होती. तरी माझ्या मते त्या दौऱ्याबाबत त्यांचा सल्ला बरोबर होता.

फेब्रुवारी १९४७ मध्ये लीगने प्रांतात सत्याग्रहाच्या धर्तीवर आंदोलन सुरू केले. ठिणगी एका शीख बाईच्या प्रकरणाची. हजारा जिल्ह्यातल्या दंगलीनंतर तिचे धर्मांतर आणि लग्न झाले होते. डॉ. खान साहिबांनी तिला आपल्या घरी ठेवून घेतले आणि तिची मर्जी विचारली. तिने आपल्या माणसांकडे परत जायचे सांगितले आणि त्यांनी तिला जाऊ दिले. त्यावरून जमाव त्यांच्या बंगल्यावर चालून गेला. ख्रिस्ती बायको आणि मुसलमान नसलेला जावई असलेल्या माणसाविरुद्ध एवढे निमित्त पुरेसे होते.

फाळणीच्या ३ जून १९४७ च्या योजनेत सार्वमत आले. लोकांनी दीड वर्षापूर्वी निवडून दिलेली विधानसभा समोर असताना पुन्हा लोकांकडे जायचे, आणि पर्याय दोनच, भारत किंवा पाकिस्तान. दिल्लीतल्या काँग्रेसने ते मान्य केले. आम्हाला लांडग्यांच्या तोंडी दिले, असे बादशहा खान म्हणाले. २१ जूनला बन्नू येथे खुदाई खिदमतगारांनी स्वतंत्र पख्तुनिस्तानचा तिसरा पर्याय मागितला, तो नाकारला गेला. मग त्यांनी बहिष्कार पुकारला.

सार्वमताचे आकडे काय सांगतात?

६ ते १७ जुलै १९४७ दरम्यान मतदान झाले. नोंदलेले मतदार ५,७२,७९८. पाकिस्तानच्या बाजूने २,८९,२४४ आणि भारताच्या बाजूने २,८७४ मते. म्हणजे एकूण मतदारांपैकी जेमतेम ५१ टक्क्यांनी मतदान केले.

यावरून दोन्ही बाजूंनी आजही भांडण चालते. निम्मे लोक घरी बसले, म्हणून निकाल पोकळ, असे एक पक्ष म्हणतो. पण घरी बसलेला प्रत्येक जण बहिष्कारामुळेच बसला असे धरता येत नाही, कारण साध्या निवडणुकीतही सगळे मतदार येत नाहीत. दुसरीकडे, भारताला मते २,८७४ पडली म्हणून ते सगळे पाकिस्तानवादी, हेही खोटेच. दोन्ही बाजूंना भूगोल ठाऊक होता. मध्ये अख्खा पश्चिम पंजाब पाकिस्तानात जाणार हे ठरल्यावर पेशावरच्या मतदारापुढे खरी निवड उरलीच नव्हती.

त्यांचे सरकार बरखास्त का केले?

१५ ऑगस्टच्या ध्वजवंदनाला डॉ. खान साहिब आणि त्यांचे सहकारी गेले नाहीत, आणि त्यांनी राजीनामाही दिला नाही. विधानसभेत त्यांचे बहुमत कायम होते. २२ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे पाकिस्तान अस्तित्वात आल्यावर आठवड्याभरात, गव्हर्नर जनरल जीनांच्या आदेशावरून गव्हर्नर सर जॉर्ज कनिंगहॅम यांनी त्यांना काढून टाकले. हातात बहुमत नसलेल्या खान अब्दुल कय्यूम खानांना मुख्यमंत्री नेमले.

नव्या देशाशी निष्ठा न दाखवणारे सरकार सीमेवरच्या प्रांतात कसे ठेवायचे, हा जीनांच्या बाजूचा मुद्दा अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही. पण अविश्वास ठराव आणायला सभागृह होते. ते न बोलावता वरून मंत्रिमंडळ उडवायचा पायंडा पाकिस्तानात इथे पडला आणि नंतर अनेकांनी तो गिरवला. डॉक्टरांचे पुढचे काही वर्षांचे आयुष्य कैदेत आणि नजरकैदेत गेले. ऑगस्ट १९४८ मध्ये चारसद्द्याजवळ बाब्रा येथे खुदाई खिदमतगारांच्या जमावावर गोळीबार झाला, तो कय्यूम खानांच्याच राजवटीत.

मग हाच माणूस पाकिस्तानच्या केंद्र सरकारात मंत्री कसा झाला?

इस्कंदर मिर्झांमुळे. मिर्झा युद्धकाळात पेशावरचे डेप्युटी कमिशनर होते आणि डॉक्टरांना चांगले ओळखत होते. ऑक्टोबर १९५४ मध्ये मोहम्मद अली बोगरांच्या नव्या मंत्रिमंडळात मिर्झा गृहमंत्री झाले, जनरल अयूब खान संरक्षणमंत्री झाले आणि दळणवळण खाते आले डॉ. खान साहिबांकडे. सात वर्षांपूर्वीचा ‘देशद्रोही’ आता कराचीत मंत्री!

वर्षभराने पूर्व बंगालच्या लोकसंख्येला शह देण्यासाठी पश्चिमेकडचे सगळे प्रांत मोडून एकच प्रांत करायचे ठरले. त्याला ‘वन युनिट’ म्हणत. पंजाबी मुख्यमंत्री दिला तर सिंधी आणि पठाण बिथरतील, म्हणून सर्वांना चालेल असा, लीगबाहेरचा, वयाने वडीलधारा पठाण हवा होता. १४ ऑक्टोबर १९५५ रोजी डॉ. खान साहिब लाहोरात पश्चिम पाकिस्तानचे पहिले मुख्यमंत्री झाले. ज्या सरहद्द प्रांताचे नाव त्यांच्या सगळ्या कारकिर्दीला चिकटलेले होते, तो त्या दिवशी नकाशावरून गेला.

त्यांना हे कळत नव्हते असे मला वाटत नाही. तोवर तीनदा सरकार चालवून त्यांनी पाहिले होते की प्रांतातले बहुमत दिल्लीपुढे, लंडनपुढे, कराचीपुढे टिकत नाही. मग जिथे निर्णय होतात तिथेच बसावे, असा तो हिशेब असावा. हिशेब चुकला, कारण कराचीत त्यांच्यामागे पक्ष नव्हता, फक्त मिर्झा होते. लीगने आपला माणूस मुख्यमंत्री हवा असा हट्ट धरला, तेव्हा १९५६ मध्ये घाईघाईने रिपब्लिकन पक्ष काढला गेला. त्यात भरती झाली ती मुख्यतः पंजाबच्या जमीनदारांची, म्हणजे ज्या वर्गाचे पंख त्यांनी १९३७ मध्ये पेशावरात कापले होते त्याच वर्गाची. सभापतीच्या निवडणुकीत मते समसमान पडली आणि निर्णायक मतावर रिपब्लिकनांचा उमेदवार निवडून आला, इतके ते बहुमत पातळ होते. मार्च १९५७ मध्ये ते पुरते विरले आणि प्रांतात राष्ट्रपती राजवट आली.

त्यांच्या सरकारने सख्ख्या भावाला तुरुंगात टाकले का?

टाकले. बादशहा खान ‘वन युनिट’च्या विरोधात गावोगाव सभा घेत होते. जून १९५६ मध्ये त्यांना अटक झाली, तेव्हा मुख्यमंत्री डॉ. खान साहिबच होते. दोघांत पूर्वीपासून मतभेद होते. धाकट्याने कधी पद घेतले नाही आणि थोरल्याला पदाशिवाय काही घडवता येते यावर विश्वास नव्हता. पण त्या अटकेपर्यंत हे घरातले भांडण होते.

त्यांचा खून कोणी केला? त्यामागे राजकारण होते का?

९ मे १९५८ च्या सकाळी लाहोरात मुलाच्या बंगल्याच्या बागेत ते बसले होते. निवडणुकीच्या कामाच्या बैठकीला जायचे होते आणि सोबत जाणाऱ्या सहकाऱ्याची वाट पाहत होते. तेवढ्यात नोकरीवरून काढलेला एक पटवारी, म्हणजे आपल्याकडचा तलाठी, आत आला आणि त्याने त्यांना भोसकले. खाकसार चळवळीचे नेते अल्लामा मश्रिकी यांना कटाच्या संशयावरून अटक झाली, पण ते निर्दोष सुटले. बडतर्फीचा राग हेच कारण पुढे राहिले. बादशहा खानांनी भावाचा देह उत्मानझईला नेला आणि तिथे पत्नी मेरीच्या शेजारी त्यांना दफन केले.

त्यांचा पक्ष पुढे टिकला का?

नाही. खुनानंतर पाच महिन्यांत, ऑक्टोबर १९५८ मध्ये, मिर्झांनी लष्करी कायदा पुकारला आणि सगळे पक्ष बंद झाले. रिपब्लिकन पक्ष पुन्हा उभा राहिला नाही. ‘वन युनिट’ १ जुलै १९७० रोजी मोडून जुने प्रांत परत आले.

आज खैबर पख्तुनख्वामध्ये त्यांच्या घराण्याचे राजकारण आहे का?

आहे, पण ती शाखा बादशहा खानांची. त्यांचे पुत्र वली खान आणि नातू असफंदयार वली यांची अवामी नॅशनल पार्टी २००८ ते २०१३ या काळात प्रांतात सत्तेवर होती आणि २०१० मध्ये प्रांताचे नाव बदलले ते तिच्याच कारकिर्दीत. डॉक्टरांच्या १९४६ च्या मंत्रिमंडळातले मेहरचंद खन्ना फाळणीनंतर भारतात आले आणि नेहरूंच्या सरकारात निर्वासितांच्या पुनर्वसनाचे मंत्री झाले.